वायलेचा तांबडा संघ

एखाद्या संस्थेचें वय सांगणें सोपें. तिचें व्यक्तित्व कशांत सांठविलेलें आहे हें सांगणें मात्र तितकें सोपें नाहीं. शाळेचेंच उदाहरण घ्या. दरवर्षीं एक वर्ग बाहेर पडतो व दुसरा आंत येतो, शिक्षक निवृत्त होतात, इमारतीवर नवे मजले चढतात, अभ्यासक्रम बदलतो. तरीहि पन्नास वर्षांपूर्वींचा विद्यार्थी दारांतून आंत आला म्हणजे ‘ही माझी शाळा’ असेंच म्हणतो. मग तेथें न बदललेलें असें काय राहिलेलें असतें? हाच प्रश्न खेळाच्या क्लबासंबंधानें विचारला तर तो अधिकच कठीण होतो. कारण तेथें खेळाडू दहा-बारा वर्षांच्या आंत बदलतात, मैदान बदलतें, पैसा पुरविणारे हात बदलतात, आणि क्वचित् प्रसंगीं मूळचा खेळहि बदलतो. डेन्मार्क देशांतील वायले नांवाच्या एका प्रांतिक शहराच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार उपयोगी आहे. या क्लबानें मोठें यश पाहिलें, दीर्घ अपयश पाहिलें, आणि एकदां तर आपलें नांवच दुसऱ्याच्या नांवाशीं जोडून पाहिलें. विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना हा वृत्तांत विचारार्ह वाटेल, या हेतूनें तो येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थलवर्णन करूं. जर्मनीच्या उत्तर सीमेपासून वर गेलेलें जटलंड हें द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेस पसरलेलीं शेंकडों बेटें मिळून डेन्मार्क देश झालेला आहे. राजधानी कोपनहेगन ही पूर्वेकडील झीलंड बेटाच्या पार टोंकास आहे. वायले हें शहर जटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राचा एक लांबट फांटा जेथें जमिनींत शिरून संपतो तेथें वसलेलें आहे. डेन्मार्कची भूमि बहुतेक सपाट; परंतु वायलेच्या सभोंवतीं वनांनीं आच्छादिलेल्या टेकड्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास येथें कापसाच्या सुताच्या व कापडाच्या गिरण्या निघाल्या, आणि इंग्लंडांतील प्रसिद्ध गिरण्यांच्या शहरावरून लोक वायलेला ‘डेन्मार्कचें मँचेस्टर’ म्हणूं लागले. त्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले आहेत. पण गिरण्यांच्या त्याच उदयकाळांत जन्मास आलेली एक संस्था मात्र अद्याप चालू आहे.

ती संस्था म्हणजे ‘वायले बोल्डक्लब’ होय. तिची स्थापना ३ मे १८९१ रोजीं झाली. डॅनिश भाषेंत ‘बोल्ड’ म्हणजे चेंडू. अर्थात् ‘बोल्डक्लब’ म्हणजे चेंडूच्या खेळांचा क्लब. हें नांव किती सोईचें होतें हें पुढें दिसून आलें. कारण स्थापनेच्या वेळीं या मंडळींच्या मनांत फुटबॉल नव्हता, क्रिकेट होतें! आपल्याकडील वाचकांस हें ऐकून कौतुक वाटेल. परंतु त्या काळीं डेन्मार्कमध्यें ही गोष्ट असामान्य नव्हती. १८६० नंतरच्या वर्षांत तेथें लोहमार्ग बांधण्यास जे इंग्रज स्थापत्यविशारद आले, त्यांनीं आपल्याबरोबर बॅट व चेंडूहि आणले. उत्तर जटलंडांतील आल्बोर्ग येथील क्लब १८८५ सालीं अशाच इंग्रजांनीं क्रिकेटसाठीं काढला, आणि ओडेन्स या शहरचा १८८७ सालचा क्लबहि मूळचा क्रिकेटचाच. डेन्मार्कची चेंडूच्या खेळांची मध्यवर्ती संस्था १८८९ सालीं निघाली, तेव्हां फुटबॉल व क्रिकेट हे दोन्ही खेळ तिच्याच छत्राखालीं होते; क्रिकेटचा संसार निराळा झाला तो १९५३ सालीं. वायले येथें फुटबॉल शिरला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०२ च्या सुमारास. हळूहळू त्यानें वडील भावाला मागें सारलें. क्लबाचा मूळ खेळ असा बदलला. पण क्लब बदलला असें कोणीं म्हटलें नाहीं.

याचें कारण डेन्मार्कमधील क्लबाच्या रचनेंत आहे. १८४९ च्या राज्यघटनेनें त्या देशांतील नागरिकांस संस्था स्थापन करण्याचें स्वातंत्र्य दिलें, आणि तेव्हांपासून तेथें गायनाच्या, व्यायामाच्या, वाचनाच्या व खेळाच्या असंख्य मंडळ्या निघाल्या. अशा मंडळीचे मालक कोणी एक गृहस्थ नसतात. वर्गणी भरणारे सभासद हेच तिचे मालक. वर्षांतून एकदां सर्वसाधारण सभा भरते, हिशेब वाचला जातो, आणि कार्यकारी मंडळ निवडलें जातें. लहान मुलांस शिकविण्याचें काम जुने खेळाडू व मुलांचे पालक यांनीं, बहुधा विनावेतन, करावयाचें अशी तेथील वहिवाट आहे. मोठा संघ रविवारीं हरला, तरी सोमवारीं सायंकाळीं आठ वर्षांचीं मुलें मैदानावर येतातच. जनतेला दिसतो तो मोठा संघ म्हणजे झाडाचा शेंडा होय. मूळ या मुलांमध्यें व सभासदांमध्यें असतें.

आतां ‘प्रांतिक’ या शब्दाकडे वळूं. डेन्मार्कमध्यें या शब्दाला एक विशेष धार आहे. देशाच्या लोकसंख्येचा, धनाचा व विद्येचा फार मोठा वांटा कोपनहेगन व तिच्या आसपास एकवटलेला असल्यामुळें राजधानी आणि ‘बाकीचा देश’ अशी विभागणी लोकांच्या मनांत कायमची झालेली आहे. फुटबॉलमध्यें तर ती उघड दिसे. राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने १९१२-१३ मध्यें सुरू झाले. आरंभींच्या काळांत राजधानीचा विजेता व प्रांतांचा विजेता यांची शेवटीं गांठ पडे, आणि दर वेळीं विजयश्री राजधानीच्याच गळ्यांत माळ घाली. १९५३ पर्यंत एकाहि प्रांतिक क्लबास हें अजिंक्यपद मिळालें नाहीं. शिवाय जटलंडहून कोपनहेगनला जाणें म्हणजे ग्रेट बेल्ट नांवाची रुंद सामुद्रधुनी नावेनें ओलांडणें आलें. तिच्यावरून रेल्वेचा मार्ग झाला तो १९९७ सालीं व मोटारींचा १९९८ सालीं. आठवडाभर कचेरींत अगर कारखान्यांत राबणाऱ्या हौशी खेळाडूंना हा प्रवास कांहीं लहानसहान नव्हता.

ही परंपरा प्रथम मोडली ती १९५४ सालीं. त्या वर्षीं कोगे या किनाऱ्यावरील लहानशा शहराच्या क्लबानें अजिंक्यपद मिळविलें. एकदां दार उघडलें आणि मग प्रांतांची रीघच लागली. १९५५, १९५६ व १९५७ हीं तीन वर्षें ऑर्हूस शहरच्या क्लबानें जिंकलीं. १९५८ सालीं पाळी आली ती वायलेची. हा क्लब नुकताच सर्वोच्च श्रेणींत चढला होता. तरीहि त्यानें त्या एकाच वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद व राष्ट्रीय करंडक अशीं दोन्ही पारितोषिकें घरीं आणलीं. करंडकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें कोपनहेगनच्या ‘के. बी.’ या, १८७६ सालीं स्थापन झालेल्या, मातबर क्लबाचा ३-२ असा पराभव केला. पुढील वर्षीं करंडक पुनः वायलेकडेच आला. १९५४ पासून १९६५ पर्यंतच्या बारा वर्षांत अजिंक्यपद एकदांहि राजधानीकडे गेलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे प्रांतांतील लोकांस त्या काळीं केवढा अभिमान वाटला असेल याची कल्पना येईल. वायलेचा तांबडा सदरा त्या अभिमानाची एक खूण बनला. ‘तांबडे’ एवढें म्हटलें तरी तेथें क्लबाचें नांव घेतल्यासारखें होतें.

या संघांतील हेनिंग एनोक्सेन व टॉमी ट्रोल्सेन हे १९६० च्या रोम येथील ऑलिंपिक स्पर्धेंत डेन्मार्कतर्फे खेळले. डेन्मार्कचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, तेथें युगोस्लाव्हियाकडून ३-१ असा हरला, व रौप्यपदक घेऊन परतला. त्याच स्पर्धेंत आपला भारतीय संघहि होता, व त्यानें फ्रान्सशीं १-१ अशी बरोबरी केली होती. डेन्मार्कचे हे खेळाडू सर्व हौशी होते. खेळाबद्दल वेतन घेणें तेथें निषिद्ध मानलें जाई. आणि जो परदेशीं जाऊन धंदेवाईक खेळाडू होई, त्यास राष्ट्रीय संघाचें दार बंद होई. या नियमाची झळ वायलेला चांगलीच लागली. जॉनी हान्सेन व उल्रिक ल फेव्र हे वायलेचे दोन गुणी खेळाडू १९७० च्या आधींच जर्मनींत गेले. त्यांपैकीं हान्सेन पुढें म्युनिकच्या बायर्न संघांतून तीन वेळां युरोपीय चषकाचा मानकरी झाला. अशा खेळाडूंना देशासाठीं खेळण्याची मोकळीक १९७१ मध्यें मिळाली, व खुद्द डेन्मार्कमध्यें वेतन देऊन खेळविण्यास १९७८ मध्यें परवानगी मिळाली. हौशी नियमांत एक उदात्तता होती यांत शंका नाहीं. परंतु गरीब घरच्या गुणी मुलाला देश आणि पोट यांपैकीं एकाची निवड करावयास लावणें हा त्या उदात्ततेचा दुसरा चेहरा होता.

वायलेचा सर्वश्रेष्ठ पुत्र म्हणजे ॲलन सिमोनसेन. याचा जन्म १५ डिसेंबर १९५२ रोजीं वायले येथेंच झाला, आणि बालपणींच तो क्लबाच्या मुलांच्या संघांत दाखल झाला. उंची साडेपांच फुटांच्या आंतच; धिप्पाड बचावपटूंपुढें तो शाळकरी मुलासारखा दिसे. परंतु चपळता व चेंडूवरील हुकमत अशी कीं, त्याला अडविणें कठीण. वायलेनें १९७१ व १९७२ हीं दोन्ही वर्षें अजिंक्यपद जिंकलें तेव्हां तो विशीच्या आंतच होता. १९७२ मध्येंच तो जर्मनींतील म्योन्शनग्लाडबाखच्या क्लबांत गेला. १९७७ सालीं ‘फ्रान्स फुटबॉल’ या फ्रेंच नियतकालिकानें युरोपांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस द्यावयाचा ‘सोन्याचा चेंडू’ त्याला दिला. त्याला ७४, इंग्लंडच्या केव्हिन कीगनला ७१ व फ्रान्सच्या मिशेल प्लातिनीला ७० गुण पडले होते. १९७७ मध्यें युरोपीय चषकाच्या, १९७९ मध्यें ‘यूएफा’ चषकाच्या व १९८२ मध्यें बार्सिलोनातर्फे चषकविजेत्यांच्या चषकाच्या, अशा तिन्ही युरोपीय स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत त्यानें गोल केले. असा दुसरा खेळाडू नाहीं.

परंतु वायलेच्या लोकांच्या दृष्टीनें याहूनहि मोठी गोष्ट पुढें घडली. बार्सिलोनानें मॅराडोना यास घेतल्यावर, परदेशी खेळाडूंवरील मर्यादेमुळें, सिमोनसेनला तेथें जागा उरली नाहीं. तो इंग्लंडमध्यें चार्ल्टन या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांत कांहीं महिने खेळला. त्या क्लबास त्याचा खर्च झेपेना. तेव्हां १९८३ सालीं तो परत आला, आणि आला तो कोपनहेगनला नव्हे, वायलेला. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें लंडन येथें त्यानें पेनल्टीवर केलेल्या एकमेव गोलामुळें डेन्मार्कनें इंग्लंडला हरविलें. पुढील वर्षीं जूनमध्यें पॅरिस येथें फ्रान्सविरुद्ध खेळतांना त्याचा पाय मोडला. पण १९८४ चें अजिंक्यपद वायलेनेंच मिळविलें. १९७८ चें धरून हें पांचवें. राष्ट्रीय करंडक तोंपर्यंत सहा वेळां मिळालेला होता. सिमोनसेन १९८९ पर्यंत खेळला व पुढें कांहीं वर्षें त्यानें याच संघास शिक्षण दिलें. ज्या मैदानानें घडविलें त्याच मैदानावर परत येऊन दुसऱ्यास घडविणें, हें त्याच्या सुवर्णचेंडूइतकेंच मोलाचें मानावें लागेल.

येथून पुढचा इतिहास निराळा आहे. वेतन देण्याची मोकळीक मिळाल्यावर ज्यांच्याजवळ पैसा अधिक त्यांच्याकडे खेळाडू जाऊं लागले. दूरचित्रवाणीपासून व युरोपीय स्पर्धांपासून होणारें उत्पन्न विजेत्यांच्याच घरीं पुनः पुनः जाई, आणि त्यायोगें श्रीमंत क्लब अधिक श्रीमंत होत. १९९१ मध्यें सर्वोच्च श्रेणीची नवी रचना झाली. १९९२ मध्यें कोपनहेगनमधील ‘के. बी.’ व ‘बी. १९०३’ या दोन जुन्या क्लबांनीं एक होऊन राजधानीचा एकच बलाढ्य संघ उभा केला. १९९९ मध्यें मध्य जटलंडांतील इकास्ट व हेर्निंग या शेजारच्या गांवांनींहि तोच मार्ग धरला. वायलेनें १९९७ सालीं दुसरा क्रमांक मिळविला खरा. परंतु पुढें सर्वोच्च श्रेणींतून खालीं जाणें व पुनः वर येणें हें जणूं त्याचें नित्यकर्मच झालें. १९८४ नंतरच्या चाळीस वर्षांत अजिंक्यपदानें वायलेकडे पुनः पाहिलें नाहीं.

अशा स्थितींत १९७८ पूर्वीं कोणाच्या स्वप्नांतहि न आलेला एक विचार पुढें आला. वायलेच्या दक्षिणेस सुमारें सोळा मैलांवर कोल्डिंग हें दुसरें शहर आहे. दोन्ही शहरांचे वरिष्ठ संघ एक केले तर प्रेक्षक वाढतील, देणगीदार वाढतील व मोठ्या क्लबांशीं टक्कर देतां येईल, असा हिशेब मांडण्यांत आला. तदनुसार २०११ सालीं ‘वायले बोल्डक्लब कोल्डिंग’ या जोडनांवाचा संघ मैदानांत उतरला. हिशेब कागदावर बरोबर होता. परंतु कोल्डिंग हें वायलेचें उपनगर नव्हे. त्याला स्वतःचा किल्ला, स्वतःचा इतिहास व स्वतःचे जुने क्लब आहेत. दोन शेजारी शहरांच्या मुलांनीं ज्या शेजाऱ्याला हरविण्यांत आजवर आनंद मानला, त्याच्याच नांवाचा जयघोष एका ठरावानें सुरू करावा अशी अपेक्षा या योजनेंत होती. संघ दुसऱ्याच श्रेणींत राहिला, आणि दोन वर्षांनीं, २०१३ सालीं, ही जोडणी मोडण्यांत आली. वायलेचा संघ पुनः केवळ ‘वायले बोल्डक्लब’ या नांवानें खेळूं लागला.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. जोडणी झाली होती ती वरिष्ठ संघांची, म्हणजे शेंड्यांची. मुलांचे संघ व सभासद ज्यांत असतात ते मूळचे क्लब आपापल्या ठिकाणीं होतेच. म्हणूनच नांव परत घ्यावयाची वेळ आली तेव्हां तें घेण्यास कोणीतरी घरीं होतें. जेथें मूळच सुकलें तेथें असें होत नाहीं. १९५४ सालीं प्रांतांचें दार उघडणारा तो कोगेचा क्लब २००९ मध्यें आर्थिक संकटांत बुडाला, आणि त्या शहराचें नांव आज हेरफोल्गे या शेजारच्या क्लबाशीं जोडलेल्या नांवांत उरलें आहे.

तथापि सर्वच जोडण्या वाईट असें समजणें अन्यायाचें होईल. मध्य जटलंडांतील ज्या संयुक्त क्लबाचा वर उल्लेख केला, त्यानें २०१५, २०१८, २०२० व २०२४ या वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. आणि त्याच्या जन्मानंतर जन्मलेल्या तरुणांना तोच आपला क्लब वाटतो. व्यक्तित्व हें केवळ जुनें असल्यानें येत नाहीं. तें वापरानें, सहवासानें व सुखदुःखाच्या वांटणीनें येतें. फरक एवढाच कीं, तें ठरावानें आणतां येत नाहीं, आणि घाईनें तर मुळींच नाहीं.

वायलेचा क्लब पुढें २०१८ सालीं, नऊ वर्षांच्या खंडानंतर, सर्वोच्च श्रेणींत परतला. २०१९ मध्यें खालीं गेला, २०२० मध्यें वर आला, २०२२ मध्यें पुनः घसरला व २०२३ मध्यें पुनः चढला. वरिष्ठ संघाचा व्यवहार आतां कंपनीमार्फत चालतो, आणि तिच्यांत परदेशी भांडवलहि आलें. त्यामुळें जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहतो: मालक दूरचा, खेळाडू अनेक देशांचे, मग हा क्लब वायलेचा कसा? उत्तर देण्यास नॉरेस्कोव या वनाच्या कडेला असलेल्या मैदानाकडे पाहावें. १९२० नंतरच्या दशकांत तेथें क्लबाचें क्रीडांगण झालें. तेथील नवें क्रीडागृह २००८ सालीं उघडलें. पण वन तेंच आहे, सदऱ्याचा तांबडा रंग तोच आहे, आणि सिमोनसेन ज्या वयांत आला त्या वयाचीं मुलें आजहि तेथें चेंडूमागें धांवत आहेत.

शाळेविषयीं आरंभीं जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर यावरून काढतां येईल. इमारत, पारितोषिकें व पैसा हीं संस्थेचीं अलंकारभूत अंगें होत. तीं येतात व जातात. संस्था जगते ती वर्गणी वेळेवर भरणाऱ्या, सभेस हजर राहणाऱ्या, हरलेल्या दिवशींहि मैदानावर येणाऱ्या आणि आपण जें शिकलों तें लहानांस शिकविणाऱ्या माणसांच्या बळावर. अशीं माणसें असलीं तर नांव गेलें तरी परत आणतां येतें. विद्यार्थ्यांनो, आपल्या गांवांतील एखादा व्यायामशाळेचा, खेळाचा अगर वाचनालयाचा लहानसा संघ मोडकळीस आलेला दिसला, तर त्याच्या कपाटांत किती ढाली आहेत हें मोजण्यापूर्वीं, त्याच्या दारांत सायंकाळीं किती मुलें जमतात हें पाहा. आणि संख्या कमी असेल तर तींत एकाची भर घाला.